सांबराची शिंगं बारीक होतायत, ती वाणामुळं की पोटामुळं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला काजूची बाग आणि खाली ओहोळाकाठी भातशेती असलेल्या एका शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "आमच्या बागेत पूर्वीपासून सांबरं येतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत जे नर दिसायचे ते दांडगे, शिंगं दीड-दोन हात लांब आणि बुडात मनगटाएवढी जाड. आता दिसतात त्यांची शिंगं बारीक आणि आखूड, एकाचं तर एक शिंग वाकडंच आहे. माझा भाचा स्कॉटलंडला असतो. तो तिकडच्या रेड डिअर नावाच्या मोठ्या हरणाचे फोटो पाठवतो, बारा-बारा टोकांची शिंगं असलेले. तिकडं म्हणे खराब शिंगांचे नर मारून काढतात, म्हणून वाण चांगला राहतो. आमच्या सांबरांचा वाण बिघडलाय का? आणि गाईंच्या गोठ्यात टांगतो ती खनिज वीट बागेच्या कडेला ठेवली तर फरक पडेल का?"

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीचा मोठा काळ गाई-म्हशींत गेला, पण वनखात्याचा निरोप आला की जखमी झालेली, मेलेली रानजनावरं बघायलाही जावं लागायचं. शिंगांचा नाद मला तिथून लागला. तेव्हा जे सांगतो ते अर्धं हातानं तपासलेलं आणि अर्धं वाचलेलं आहे. वाचलेलं बरंचसं रेड डिअरवरचंच आहे, कारण शिंगांच्या वाढीवर सगळ्यात जास्त काम त्याच जनावरावर झालंय. सांबरावर तेवढं झालेलं नाही. दोघं एकाच कुळातले असले तरी तिकडचं सगळं इकडं जसंच्या तसं लागू होत नाही. कुठं होतं आणि कुठं नाही ते सांगत जाईन.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. बारा टोकं आणि सहा टोकं ही तुलनाच करू नका. रेड डिअरच्या शिंगाला अनेक फाटे फुटतात, पोसलेल्या नराच्या एकेका शिंगाला सहा किंवा त्याहून जास्त टोकं येतात. आपल्या सांबराच्या शिंगाचा आराखडाच तीन टोकांचा आहे: कपाळाजवळ पुढं आलेलं एक आणि वर दुभागलेली दोन. चितळाचंही तसंच. सांबराला कितीही खाऊ घाला, तो बारा टोकांचा होणार नाही. आपल्या देशात रेड डिअरच्या सगळ्यात जवळचं जनावर बघायचं तर काश्मीरला दाचीगामला जावं लागेल, हंगुल बघायला. त्यामुळं भाच्याच्या फोटोंवरून आपल्या सांबराला नावं ठेवायचं कारण नाही. सांबराचं शिंग मोजायचं ते टोकांवर नाही, लांबीवर आणि बुडाच्या जाडीवर.

आता खरा प्रश्न. तुम्ही "वाण बिघडलाय का" असं विचारताय, पण त्याच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. तुम्ही बघताय ते नर किती वयाचे आहेत? आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात बघताय?

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात फसगत फार होते. गव्याचं शिंग जन्मभर तेच राहतं, आत हाडाचा गाभा आणि वर टोपण. सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग म्हणजे नुसतं हाड. ते गळून पडतं आणि कपाळाच्या हाडावर जे दोन खुंट असतात त्यांच्यावर पुन्हा नव्यानं उगवतं. उगवताना त्याच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते, तिच्यात रक्तवाहिन्या खच्चून भरलेल्या असतात आणि हात लावला तर शिंग गरम लागतं. वाढ शेंड्याकडून होते. आधी कूर्चा तयार होते, मागाहून तिचं हाड होत जातं. रेड डिअरमध्ये ही वाढ ऐन भरात असताना दिवसाला दोन सेंटिमीटरच्या आसपास जाते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगानं वाढणारं दुसरं हाड नाही. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा थांबतो, कातडी सुकते, नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो, आणि मग उरतं ते टणक, मेलेलं हाड. माजाच्या काळात भांडायला ते वापरायचं आणि नंतर टाकून द्यायचं.

आपल्याकडं बहुतेक सांबर उन्हाळ्यात शिंगं टाकतात आणि पावसाळ्यात नवी वाढवतात. म्हणजे जुलैत तुम्हाला बॅटरीच्या उजेडात जो नर आखूड, बोथट शिंगांचा दिसतो, तो बिचारा अजून वाढतोय. त्याच नराला दिवाळीनंतर बघा, वेगळंच जनावर वाटेल. भाताची रोपं कोवळी असताना सांबरं शेतात जास्त उतरतात आणि आपणही तेव्हाच राखणीला जास्त जागतो. पूर्वी तुमचं बघणं काजूच्या दिवसांत होत असेल आणि आता भाताच्या राखणीत होत असेल, तर निम्मा फरक तिथंच निघेल. तेव्हा महिना लिहून ठेवल्याशिवाय "शिंगं लहान झाली" असं म्हणू नये.

इथं रेड डिअर आणि आपल्या हरणांत एक मोठा फरक आहे. रेड डिअरचं सगळं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचं बेट आहे, तिथं जूनमधला दिवस जवळजवळ अठरा तासांचा आणि डिसेंबरातला सात तासांहूनही लहान. मेंदूला अंधाराची लांबी कळते, त्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक ठरतं आणि त्यामागून नराचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नरपणाचं संप्रेरक, वरखाली होतं. ते उतरलं की शिंग गळतं, वाढलं की शिंग टणक होऊन मखमल सुटते. म्हणून तिकडचे पोसलेले नर मार्च-एप्रिलला शिंगं टाकतात, जुलै-ऑगस्टला नवी साफ करतात आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात माजावर येतात. बेळगावात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात फार तर दोन तासांचा फरक. घड्याळाला तसा ठसठशीत इशारा मिळत नाही, त्यामुळं इकडं वेळापत्रक सैल असतं. चितळांत तर एकाच कळपात, एकाच दिवशी, एक नर मखमलीत आणि दुसरा टणक शिंगांचा सापडतो. सांबर त्या मानानं ऋतू पाळतो, पण स्कॉटलंडसारखा नाही.

आता वय. माझ्या अनुभवात "शिंगं लहान झाली" या तक्रारीमागं सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघतं. सांबराला पहिलं शिंग येतं ते नुसती सरळ काडी असते. पुढच्या खेपेला एखादा फाटा, आणि साधारण चौथ्या वर्षापर्यंत तीन टोकांचा आराखडा पुरा होतो. पण आराखडा पुरा झाला म्हणजे शिंग पुरं झालं असं नाही. त्यानंतरही काही वर्षं लांबी आणि जाडी वाढत राहते, कारण अंग भरत असतं. रेड डिअरमध्ये आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान शिंग सगळ्यात भारी असतं, मग म्हातारपणी ते पुन्हा उतरू लागतं: टोकं कमी, लांबी कमी. टोकं मोजून वय सांगणारे लोक इकडं आहेत आणि तिकडंही आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्या बागेच्या वरच्या रानात पूर्वी दोन-तीन जुने नर असतील आणि ते गेले असतील: म्हातारे होऊन, बिबट्यानं किंवा रानकुत्र्यांनी नेऊन, नाहीतर फाशात अडकून. मागं उरतात ती पोरं. त्यांची शिंगं बारीकच असणार, वाण उत्तम असला तरी. हे ओळखायचं कसं? शिंगाकडं बघू नका, अंगाकडं बघा. जुन्या सांबराची मान जाड, तिच्यावर दाट आयाळ, रंग काळपट, पोट आणि छाती खाली आलेली. शिंगाच्या बुडाचा खुंट आखूड आणि रुंद, कारण दर वेळी शिंग गळताना खुंट थोडा झिजतो. तरुण नराचा खुंट लांब, पाय लांब वाटतात, मान बारीक. अंगानं भरलेला, काळा, आयाळीचा नर आणि शिंगं मात्र काटकुळी असं दिसलं, तरच खऱ्या अर्थानं "शिंग खुंटलं" म्हणायचं. मग कारण खाण्यात शोधायचं.

खाण्याचं गणित असं आहे. शिंग हे जनावराच्या शिलकीतून वाढतं. वर्षाचं पीक आल्यावर घरखर्च, बियाणं, सोसायटीचं कर्ज भागवून जे उरलं त्यातून आपण तोळा-अर्धा तोळा सोनं घेतो, त्यातली ही गोष्ट आहे. आधी जीव जगवायचा, अंग वाढवायचं, जंत आणि रोगांशी झुंजायचं, आणि मग शिंग. वाढत्या नराचं अंगच अजून पुरं व्हायचं असेल तर शिंगाच्या वाट्याला थोडंच येतं. आणि लागतं तर भरपूर: कूर्चेसाठी प्रथिनं, हाडासाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस. हे सगळं त्या दोन-चार महिन्यांत रोजच्या चाऱ्यातून भागतच नाही. म्हणून नर आपल्याच सांगाड्यातून, विशेषतः फासळ्यांतून, खनिजं काढून शिंगाला देतो. त्या काळात त्याच्या फासळ्या खरोखर ठिसूळ होतात आणि नंतर खाऊन पुन्हा भरून काढतो. हरणं गळालेली शिंगं आणि जुनी हाडं चघळतात ती यासाठीच. तुम्हाला रानात कुरतडलेलं शिंग सापडलं तर ते साळिंदरानं कुरतडलेलं असण्याची शक्यता मोठी, पण सांबरही हे करतात.

एक चूक फार होते. लोकांना वाटतं शिंग म्हणजे हाड, हाड म्हणजे कॅल्शियम, म्हणजे खनिज दिलं की झालं. पण उपाशी जनावराला खनिज देऊन शिंग येत नाही. आधी पोट भरायला हवं, तेही पचेल अशा कोवळ्या, प्रथिनांच्या पाल्यानं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी युरोपातल्या बोहेमियात फ्रान्झ फोग्ट नावाच्या माणसानं बंदिस्त आवारात रेड डिअर पाळून त्यांना तिळाची पेंड आणि सकस चारा दिला. पुढच्या पिढ्यांत अंगं आणि शिंगं दोन्ही जबर वाढली. रक्त तेच, चारा बदलला.

न्यूझीलंडचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथं मुळात हरणं नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडहून रेड डिअर नेऊन सोडले, १८७१ मध्ये ओटागो भागात सोडलेले तर स्कॉटलंडच्या डोंगरातलेच. कुणी न चरलेलं रान, शिकारी जनावर एकही नाही. सुरुवातीच्या काही दशकांत तिथल्या नरांना अशी शिंगं आली की मूळ गावी कुणी बघितली नव्हती. मग कळप बेसुमार वाढले, रान ओरबाडून निघालं आणि शिंगं उतरली. १९३० नंतर सरकारलाच माणसं नेमून हरणं मारून घ्यावी लागली. या सगळ्यात वाण कुठं बदलला? तोंडं वाढली आणि पाला संपला, एवढंच झालं.

भाच्याला हे सांगा, आणि रम बेटाचंही सांगा. तिथं १९५३ पासून रेड डिअरचा अभ्यास चाललाय. एकेक जनावर जन्मापासून मरेपर्यंत ओळखीचं, गळालेली शिंगं गोळा करून वजनं केलेली. १९७२ नंतर बेटाच्या उत्तर भागात त्यांना मारणं थांबवलं, माद्यांची संख्या वाढत गेली आणि नरांची शिंगं हळूहळू हलकी होत गेली. आता गंमत बघा. अभ्यासकांनी वंशावळ्या मांडून हिशेब केला तेव्हा दिसलं की शिंगाच्या वजनातल्या फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग आनुवंशिक आहे. मोठ्या शिंगांच्या नरांना पिल्लंही जास्त होत होती. दोन्ही खरं, तरी पिढ्यान्‌पिढ्या शिंगं मोठी झाली नाहीत. कारण ज्या नराला चांगलं खायला मिळालं त्याचं शिंगही मोठं झालं आणि भांडायची ताकदही आली. दोन्ही एकाच पोटातून आलं. शिंगानं त्याला बाप केलं नाही. तेव्हा "खराब शिंगांचा नर मारला की वाण सुधारतो" हे शिकारी मंडळींचं आवडतं मत असलं, तरी रानातल्या कळपावर त्याचा परिणाम फार थोडा. कोवळ्या वयातलं खराब शिंग बहुतेक वेळा त्या नराचं वाईट वर्ष सांगतं. तिकडं हरणं मारतात त्याचं मोठं कारण वेगळं आहे: लांडगे केव्हाच संपले, त्यामुळं संख्या आवरायला माणूसच लागतो. आपल्या रानात बिबट्या आहे, रानकुत्री आहेत, दांडेलीकडून अधूनमधून वाघही येतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, तो विषय तिथंच संपला.

स्कॉटलंडमध्ये अजून एक प्रकार आहे, तो मला फार आवडतो. काही रेड डिअर नरांना जन्मभर शिंगंच येत नाहीत. त्यांना हमल म्हणतात. शिकारी पिढ्यान्‌पिढ्या समजत होते की हा रक्तातला दोष आहे, म्हणून दिसला की मारायचे. संशोधकांनी असा एक नर पाळला आणि त्याला माद्या दिल्या, तर त्याच्या पोरांना व्यवस्थित शिंगं आली. मग कळलं की वयात येताना उपासमार झाली की कपाळावरचा खुंटच पुरता वाढत नाही, आणि खुंट नाही तर शिंग उगवणार कशावर? पुढं तो नर खाऊन धष्टपुष्ट झाला तरी ती वेळ गेलेली असते.

यातून पुढची गोष्ट निघते आणि ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. शिंगावर या वर्षाच्या चाऱ्याइतकाच नर जन्मला त्या वर्षाचाही परिणाम असतो. आई गाभण असताना आणि दूध पाजत असताना तिला काय मिळालं, पाडस किती वजनाचं निघालं, त्या वर्षी त्या रानात किती तोंडं होती, हे सगळं पुढं शिंगात उतरतं. रमवर हे पाहिलेलं आहे: गर्दीच्या वर्षी जन्मलेल्या नरांची पहिली शिंगं आखूड. म्हणजे आज तुम्हाला तीन-चार नर बारीक शिंगांचे दिसत असतील तर ते एकाच वाईट वर्षाची भावंडं असू शकतात. मागं लागोपाठ वणवे लागलेलं वर्ष, किंवा उन्हाळा लांबलेलं वर्ष आठवतंय का, ते बघा आणि नरांच्या अंदाजे वयाशी जुळवून बघा.

आता आपल्या मातीकडं येऊ. जांबोटी, कणकुंबी, हेमडगा हा सगळा पट्टा जांभ्याचा आणि धो-धो पावसाचा. एवढा पाऊस पडला की मातीतली खनिजं धुऊन जातात, जांभ्याच्या मातीत मुळातच फॉस्फरस झाडाला सहजी मिळत नाही. हिरवं दिसतं खूप, पण त्या हिरव्यात कस थोडा असतो. गाईंच्या बाबतीत तुम्हालाही हे माहीत असेल: पश्चिमेकडच्या गावांत गाई हाडं, चिंध्या चघळताना दिसतात, तो फॉस्फरसच्या कमतरतेचा प्रकार. तोच रामदुर्ग-सौंदत्तीकडं गेलात तर काळी माती, कमी पाऊस, कसदार चारा. पण तिकडं सांबराला लागणारं दाट रान नाही, तिकडं काळवीट. आणि काळविटाची शिंगं कधी गळत नाहीत, ती गव्यासारखी, म्हणून त्यांना या चर्चेत आणायला नको.

तेव्हा खानापूरच्या सांबराचं शिंग मध्य भारतातल्या सांबरापेक्षा थोडं हलकं असलं तर मला नवल वाटणार नाही. पण तुमची तक्रार "पूर्वीपेक्षा" लहान अशी आहे, आणि माती काही वर्षांत बदलत नाही. बदलतं ते माती आणि तोंड यांच्या मधलं. रानमोडी आणि घाणेरीनं मोकळ्या जागा व्यापल्या, त्या सांबर खात नाही. अ‍ॅकेशियाच्या लागवडीखाली गवत उगवत नाही. दरवर्षीच्या वणव्यात फेब्रुवारी-मार्चलाच खालचा पाला जळतो, आणि नेमकं उन्हाळ्याच्या शेवटी, शिंगं टाकून नवी वाढवायच्या तोंडावर, नर रिकाम्या पोटी असतो. जळलेल्या जागी कोवळं गवत लवकर फुटतं आणि हरणं तिथं जमतात हे खरं, पण सांबर गवतापेक्षा पाला, कोंब, पडलेली फळं यांवर जास्त अवलंबून असतो, आणि ती तर जळून गेलेली असतात. तुमच्या वरच्या रानात यातलं काय काय झालंय, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. फिरून बघावं लागेल. एक खूण देतो: सांबराची मान पोचते तिथपर्यंत सगळ्या झाडांचा पाला एकसारखा कातरलेला दिसला, तर तोंडं जास्त आणि चारा कमी असं समजा.

संख्येच्या बाजूनंही विचार करा. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, पलीकडं गोव्याचं म्हादई अभयारण्य. राखणीमुळं हरणं वाढली असतील तर ती चांगलीच गोष्ट, पण वाढत्या कळपात नरामागं वाट्याला येणारा पाला कमी होतो. म्हणजे बारीक शिंगं कधी कधी रान बरं चालल्याचंही लक्षण असतं! उलट, संख्या तीच राहून चराऊ जागा कमी झाली असेल तरी शिंगावर परिणाम तोच दिसणार. दोन्हींत फरक करायचा तर माद्या बघा: माद्यांमागं पाडसं किती दिसतात, माद्यांच्या पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर आलेली आहेत का. माद्या भरलेल्या आणि पाडसं भरपूर असतील तर नरांच्या शिंगांची काळजी सोडून द्या.

वाकड्या शिंगाचं मात्र वेगळं. एकच शिंग वाकडं असेल तर वाणाचा संशय घेऊच नका, जखमेचा घ्या. मखमलीत असताना शिंग मऊ असतं, तारेच्या कुंपणात अडकलं, फांदीवर आपटलं की तसंच वाकडं टणक होतं. अशी जखम फक्त शिंगाला असेल तर पुढच्या वर्षी शिंग नीट येतं. खुंटालाच इजा झाली असेल तर दरवर्षी त्याच बाजूला वेडंवाकडं येत राहतं. आणि एक गोष्ट ऐकून तुम्हाला खोटी वाटेल: मागच्या पायाला मोठी जखम झाली तर बहुधा विरुद्ध बाजूचं शिंग बिघडतं. डावा पाय, उजवं शिंग. रेड डिअर आणि इतर हरणांत हे वारंवार नोंदलेलं आहे. म्हणून तो नर पुन्हा दिसला तर शिंग बघण्याआधी त्याचं चालणं बघा. फाशाची तार पायात रुतलेली असेल तर ते तातडीनं रेंज ऑफिसला कळवायला हवं. वृषणांना इजा झालेल्या नराचं शिंग तर कधी टणकच होत नाही, वर्षभर मखमलीतच राहतं आणि त्याला गाठी येतात. माघ-फाल्गुनात सगळ्यांची शिंगं स्वच्छ असताना एखादाच नर केसाळ, गाठाळ शिंगांचा दिसला, तर हे कारण असू शकतं.

राहिली खनिज वीट. नका ठेवू, आणि हे मी जनावरांचा डॉक्टर म्हणून ठासून सांगतो. गोठ्यातल्या विटेत मीठ बरंच असतं. सांबराला मिठाची ओढ असते, म्हणून तो येईल, चाटेल, तुम्हाला वाटेल उपयोग होतोय. पण मिठानं शिंग वाढत नाही. युरिया-मोलॅसिसची वीट असेल तर धोका मोठा: जांबोटीच्या पावसात ती विरघळते, खड्ड्यात साचलेलं ते पाणी एखाद्या उपाशी जनावरानं भरपूर प्यायलं तर युरियाची विषबाधा होते, आणि रानातल्या जनावराला वाचवायला तिथं कुणी नसतं. विटेवर तुमच्या गाई आणि रानातली हरणं एकाच जागी तोंड घालतील, म्हणजे लाळ-खुरकतीला रस्ता मोकळा. लाळ-खुरकत सांबर, चितळ, गवा सगळ्यांना होते. हरणं रोज एका ठिकाणी येतात हे बिबट्याला कळतं, आणि फासे लावणाऱ्यालाही. शिवाय बागेत रानजनावरांना आमिष ठेवलंय असा अर्थ वनखात्यानं काढला तर तुम्हाला निष्कारण खुलासे देत बसावं लागेल. कुठं चाटण ठेवायचं का, ते खात्याला ठरवू द्या.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर खनिजापेक्षा वणव्याकडं लक्ष द्या. बागेच्या वरच्या कडेची जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, वेळेवर साफ झाली, तर उन्हाळ्याच्या शेवटी खाली पाला उरतो. मोकळी सोडलेली कुत्री रात्री रानात जाऊ देऊ नका. हरणाच्या मागं कुत्री लागली की नुसती दमछाक होत नाही, मखमलीतलं शिंगही आपटतं. आणि गाई-म्हशींना लाळ-खुरकतीची लस चुकवू नका, त्यात तुमचा आणि सांबराचा दोघांचा फायदा आहे.

रानात गळालेलं शिंग सापडलं तर घरी आणू नका. आपल्याकडं ते भिंतीवर लावायची जुनी हौस आहे, पण वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, गळालेलं असलं तरी. शिवाय तो फॉस्फरस रानातच मुरायला हवा, साळिंदराच्या तोंडून का होईना. जागेवर ठेवा, फोटो काढा. शिंगाच्या बुडाची बाजू कॅमेऱ्यात येऊ द्या आणि शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे जाडी कळेल.

मला नक्की उत्तर द्यायचं झालं तर या गोष्टी लागतील. पावसाळा ओसरल्यावर, कार्तिक ते पौषाच्या दरम्यान, शिंगं टणक असताना काढलेले नरांचे फोटो, शक्यतो अंग बाजूनं पूर्ण दिसेल असे. त्याच जागी दिसणाऱ्या माद्या आणि पाडसांचा अंदाज. वरच्या रानात कधी वणवा लागला त्याची वर्षं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून. आणि तो वाकड्या शिंगाचा नर कुठलं पाऊल जपून टाकतो, डावं की उजवं.